मानाच्या जागेवरचा खांब

उणे तीस अंशांच्या थंडीत रबर ताठ होते. गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी वायर उन्हाळ्यात दोरीसारखी वळते, पण अशा सकाळी ती काठीसारखी सरळ राहते. तिला वाकवताना बारीक करकर आवाज येतो आणि नवखे लोक घाबरून हात मागे घेतात. जुने लोक आधी ती वायर कोटाच्या आत, काखेत धरतात. थोड्या वेळाने ती मऊ पडते आणि मग तिची पिन माझ्यात सहज बसते.

मित्रांनो, मी एक जुना विजेचा खांब आहे. खांब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचा उंच दिवा येईल, पण मी तसा नाही. मी जेमतेम माणसाच्या कमरेइतका उंच आहे. माझ्या डोक्यावर दिवा नाही, छातीवर एक सॉकेट आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरात थंडीचे कोट शिवणाऱ्या एका कारखान्याच्या आवारात, कामगारांच्या दारापाशी मी उभा असतो. इथल्या हिवाळ्यात इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीचा जोर ओसरतो. म्हणून प्रत्येक गाडीच्या इंजिनात एक छोटा हीटर बसवलेला असतो. त्याची वायर दोन-तीन तास माझ्याशी जोडून ठेवली, की संध्याकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू होते. नाही जोडली, तर चावी फिरवता फिरवता माणसाच्या तोंडचे पाणी पळते.

माझा जन्म लोखंडी नळ्या कापणाऱ्या एका शेडमध्ये झाला. मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढले, म्हणून इतक्या वर्षांत मला गंज लागलेला नाही. कारखान्याच्या जुन्या मालकांनी आम्हा बारा भावांना दारापासून कुंपणाच्या कडेने एका रांगेत उभे केले. तेव्हा आवारातल्या प्रत्येक गाडीला तिचा खांब होता. पण इथली जमीन दर हिवाळ्यात गोठते आणि दर वसंतात सुटते. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि मातीला वर उचलतो. जमिनीतून नेलेल्या तारा या उचलण्याने ताणल्या गेल्या आणि एकामागून एक तुटल्या. माझे भाऊ अजून रांगेत उभे आहेत, पण त्यांच्या अंगात वीज नाही. माझी तार मात्र थेट कारखान्याच्या भिंतीतून येते. म्हणून मी एकटा उरलो.

तोवर जुने मालक वारले होते आणि त्यांचा मुलगा एडगर कारभार बघू लागला होता. सगळे त्याला एड म्हणत. एड वाईट माणूस नव्हता. फक्त निर्णय पुढे ढकलण्याची त्याला सवय होती. हिवाळ्यात कुणी तारांचा विषय काढला की तो म्हणे, "आता कशी खोदायची? जमीन दगडासारखी झालीय. बर्फ वितळू दे, बघू." आणि उन्हाळ्यात कुणी आठवण केली की म्हणे, "आता कुणाला लागतंय? हिवाळा तर येऊ दे." असे कितीतरी हिवाळे आले नि गेले.

पण शिलाईखात्यातल्या बायकांनी त्यावर तोड काढली. त्यांनी मला तीन तोंडांचा एक जोड लावला आणि लांबलचक वायरी आणल्या. एका वेळी तीन गाड्या माझ्याकडून ऊब घेत. सकाळच्या चहाच्या सुट्टीत कुणीतरी बाहेर येऊन त्या तीन काढी आणि दुसऱ्या तीन लावी. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तेच. एकदा कुणीतरी लोभाने चौथी गाडी जोडली, तेव्हा आतला खटका पडला आणि संध्याकाळी एकही गाडी सुरू झाली नाही. त्या दिवसापासून चौथीचे नाव कुणी काढले नाही. शेवटची पाळी मात्र ठरलेली होती. ती डार्लीनची.

डार्लीन लाव्हाले कोटाच्या टोप्या शिवायची. तिचा नवरा रे याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, काम सुटले की ती घरी जाऊन त्याला घेई आणि डायलिसिससाठी इस्पितळात पोहोचवी. तिथले यंत्र ठरल्या वेळीच मिळते. पोहोचायला उशीर झाला तर तेवढा उपचार कमी होतो, कारण पुढचा रुग्ण बाहेर बसलेलाच असतो. म्हणून तिची गाडी शेवटी जोडायची, ऐन निघताना ती सगळ्यात गरम असावी, असे बायकांनी आपापसांत ठरवले होते. ते कुठे लिहिलेले नव्हते आणि ते कधी मोडलेही नाही.

"अगं फ्लोर, तुझ्या गाडीत काय अंडी उबवायला ठेवलीस का?" डार्लीन दारातून ओरडायची. "काढ ती वायर. माझा नंबर!"

फ्लोर्देलिसा आग्बायानी, म्हणजे फ्लोर, चेन बसवायच्या कामात सगळ्यांत चलाख होती. ती फिलिपीन्सहून आलेली. तिच्या गावाकडच्या पोरी तिला मानाने 'मनांग' म्हणत, म्हणजे ताई. पण डार्लीनला असल्या मानाची पर्वा नव्हती.

"घे बाई, घे," फ्लोर म्हणायची. "तुझ्या त्या खटाऱ्याला माझ्या दुप्पट ऊब लागते."

"खटारा म्हणू नकोस. त्याला ऐकू येतं. उद्या रुसला तर तुझ्या मांडीवर बसून घरी जाईन."

"मग माझीही गाडी बसेल खाली!"

मित्रांनो, त्या हसण्याने मला माझ्या विजेइतकेच बरे वाटे.

या बायकांवर देखरेख करायला हेल्गा होती. ती जुन्या मालकांच्या काळापासून इथेच होती. एड लहान असताना कापडाच्या चिंध्यांत खेळायचा, तेही तिने पाहिलेले. हेल्गा फार बोलत नसे. पण शुक्रवारी सुटताना ती कुणालातरी दारात थांबवी आणि म्हणे, "तुझी आजची कॉलर बघितली. टाका कुठे संपतो ते मला सापडलं नाही." एवढेच. ती बाई मग गाडीपर्यंत चालत न जाता तरंगत जाई. खोटी स्तुती हेल्गा करत नसे, म्हणून तिच्या शब्दाला वजन होते.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर कारखान्याला मोठे काम मिळाले. उत्पादन वाढवायचे म्हणून एडने टोरोंटोहून एक सल्लागार बोलावला. त्याचे बूट गुळगुळीत होते आणि तो माझ्यापर्यंत येताना दोनदा घसरला. मला धरूनच त्याने तोल सावरला. मग वर बघून म्हणाला, "ही जागा कुणाची?"

"कुणाचीच नाही," हेल्गा म्हणाली. "पाळीपाळीने वापरतात."

"म्हणजे तुमच्याजवळची सगळ्यांत मोलाची जागा तुम्ही फुकट घालवताय! दाराशी, वर विजेची सोय. ही बक्षीस म्हणून द्या. महिन्यातून एकाला. माणसाला पुढे काही दिसलं, की तो धावतो."

"आणि जे मागे राहतील, ते?"

"ते पुढच्या महिन्यात धावतील," सल्लागार हसून म्हणाला.

एडला कल्पना पसंत पडली. खर्च तर काहीच नव्हता. आठवड्याभरात मला निळा रंग चढला. माझ्या डोक्यावर 'महिन्याचा मानकरी' अशी पाटी लागली. तीन तोंडांचा जोड निघाला, सॉकेटवर लोखंडी झाकण बसले आणि झाकणाला कुलूप. किल्ली मानकऱ्याकडे राहणार होती. मानकरी निवडायचे काम हेल्गाकडे आले. कुणी किती नग शिवले आणि कितींत खोट निघाली हे बघून तिने महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नाव सांगायचे.

खरे सांगायचे तर सुरुवातीला मलाही ते आवडले. पहिला मान फ्लोरला मिळाला. सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या आणि एडने तिचा फोटो काढला. तिने तो तिथल्या तिथे तिच्या आईला पाठवला. "आई म्हणतेय, खांबाच्या शेजारी का उभी आहेस, नवरा कुठाय?" ती म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. डार्लीनही हसली. पण नंतर ती गाडीकडे जाताना एकदा वळून माझ्या कुलपाकडे बघून गेली.

त्या महिन्यात शिलाई खरेच वाढली. एड दारात हात चोळत म्हणाला, "बघितलंस, हेल्गा? कामाला कसा जोर चढलाय!"

"जोर चढलाय खरा," हेल्गा म्हणाली. "पण काल फ्लोरची कात्री बोथट झाली, तर ती शेजारी डार्लीनकडे मागायला गेली नाही. उठून पार गोदामात गेली."

"मग त्यात काय?"

"डार्लीनची कात्री हातभर अंतरावर होती, एड."

एड हात चोळतच आत गेला. त्याला ते समजले नसावे.

मी आत जाऊ शकत नाही, मित्रांनो. पण दाराशी उभे राहणाऱ्याला आतले बरेच कळते. आधी आपले काम उरकलेली बाई शेजारणीच्या ढिगातले चार नग ओढून घेई. आता तसे करणे म्हणजे आपली मेहनत दुसरीच्या नावावर घालणे होते. आधी फ्लोर नव्या पोरींना चेन बसवायची खुबी शिकवी. आता एका पोरीने विचारले, तेव्हा फ्लोर "नंतर सांगते" म्हणाली, आणि ते नंतर आलेच नाही. ती पोर दाराशी उभी राहून मैत्रिणीला म्हणत होती, "मनांग बदललीय." फ्लोर बदलली नव्हती. खेळ बदलला होता.

आणि डार्लीन? तिला पाटीचे काही नव्हते. तिला किल्ली हवी होती. दूरच्या कुंपणाशी, वीज नसलेल्या खांबापाशी तिची गाडी दिवसभर गारठत पडे. कडाका कमी असला तर कुरकुरत सुरू होई. कडाका वाढला की ती दोन-दोनदा, तीन-तीनदा चावी फिरवी, आणि डायलिसिसच्या दिवशी तिचा चेहरा मला इतक्या दुरूनही बघवत नसे. मान मिळवायचा म्हणून ती जेवणाची सुट्टीसुद्धा घेईनाशी झाली. यंत्रावर बसूनच पाव खाई. तरी दर महिन्याला फ्लोर तिच्यापुढे काही नगांनी राही.

ज्या दोघी रोज माझ्यापाशी भांडत आणि हसत, त्या आता एकमेकींना टाळून दारातून बाहेर पडत. डार्लीनला वाटे, फ्लोरला सगळे माहीत आहे, तिने आपणहून किल्ली पुढे करावी. फ्लोरला वाटे, डार्लीन आपल्यावर जळते, म्हणून बोलत नाही. दोघींपैकी एकीनेही तोंड उघडले असते तर गाठ सुटली असती. पण कुलूप फक्त माझ्या झाकणाला लागले नव्हते.

हेल्गाला हे दिसत होते. शेवटच्या शुक्रवारच्या आधी ती कॉफीचा पेला घेऊन माझ्यापाशी येई आणि पेला गार होईपर्यंत उभी राही. एकदा एडने तिला गाठले.

"डार्लीनच्या नवऱ्याचं मला कळलं," तो म्हणाला. "मग या खेपेला तिचंच नाव दे की. प्रश्न मिटला."

"मी तिला विचारलं. म्हणाली, दया म्हणून किल्ली दिलीस तर बर्फात फेकून देईन."

"अशी कशी गं ही बाई!"

"मानी आहे. आणि तिला दिली तर ज्या फ्लोरने खरंच जास्त काम केलं, तिला काय सांगू? एड, एकच खांब आहे म्हणून हे सगळं आहे. बाकीच्यांच्या तारा..."

"आता कशी खोदायची, हेल्गा? जमीन बघ ना. बर्फ वितळू दे."

हेल्गाने गार झालेली कॉफी बर्फात ओतली आणि आत गेली. त्या महिन्यातही तिने फ्लोरचेच नाव दिले. दुसरे देता येण्याजोगे तिच्याकडे कारण नव्हते.

फेब्रुवारीत एक दिवस इतकी थंडी पडली, की कारखान्याच्या धुराड्यातला धूर वर चढेचना. संध्याकाळी काम सुटले. डार्लीन जवळजवळ धावतच गाडीत बसली. चावी फिरली. इंजिन एकदा कण्हले, दुसऱ्यांदा त्याहून हळू, आणि मग नुसता टक् टक् आवाज. दिवस डायलिसिसचा होता. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकले.

माझ्या शेजारी फ्लोरची गाडी पहिल्या चावीला सुरू झाली होती. तिने ती दारापासून काढली आणि थेट कुंपणापर्यंत नेऊन थांबवली.

"बस," ती काच खाली करून म्हणाली.

"नको. टॅक्सी बोलावते."

"या थंडीत टॅक्सी येईस्तोवर उजाडेल. रे वाट बघतोय ना? बस म्हणते."

"तुला उशीर होईल."

"माझी वाट बघायला घरी एक मांजर आहे, आणि तेही मला विचारत नाही. बसतेस, का उचलून घालू?"

"तू? तू मला उचलणार? बुटांसकट तुझी उंची माझ्या खांद्याएवढी नाही!"

"बूट काढून उचलीन. बस आता!"

डार्लीन बसली. गाडी फाटकातून वळली तेव्हा दोघींपैकी कुणीतरी रडत होते. काचांवर वाफ धरल्यामुळे कोण ते मला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी डार्लीन कामावर आली नाही. दुपारी हेल्गाने दारातच एडला सांगितले, की फ्लोरने शक्य तितकी घाई करूनही उशीर झाला आणि रेचा निम्माच उपचार झाला. रात्री त्याला धाप लागली. सकाळी पुन्हा यंत्रावर घेतले, तेव्हा कुठे तो सावरला. "आज वाचला," ती म्हणाली.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली. फ्लोरची गाडी आली आणि माझ्यावरून पुढे गेली. कुंपणाशी, डार्लीनच्या गोठलेल्या गाडीच्या शेजारी तिने ती लावली. मग चालत येऊन माझ्या कुलपाला किल्ली अडकवली आणि आत गेली.

"फ्लोर, अगं जागा तुझी आहे!" एड म्हणाला.

"मोठी जागा आहे. मला एकटीला सवय नाही," ती म्हणाली.

ती जागा कुणी घेतली नाही. किल्ली उघडी लटकत होती. हात लावला असता तर कुणालाही मिळाली असती. पण दर सकाळी गाड्या माझ्यावरून जात आणि कुंपणाशी दाटीवाटीने लागत. माझ्यासमोर बर्फ साचू लागला. मित्रांनो, मी आयुष्यात रंग पाहिला, पाटी पाहिली, फोटोत झळकलो. पण त्या रिकाम्या दिवसांत मला कळले, की ज्या खांबाकडून कुणाला ऊब मिळत नाही, त्याला कितीही रंग दिला तरी तो नुसती नळीच असतो.

पुढचे सांगण्याआधी माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्या हाताखाली माणसे काम करतील. चांगल्या कामाला शाबासकी जरूर द्या. हेल्गासारखी नेमकी द्या, तोंडावर द्या, पाटी लावायची हौस असेल तर पाटीही लावा. पण ज्या गोष्टीवाचून माणसाचे अडते, ती गोष्ट उंच टांगून तिच्यासाठी त्यांना उड्या मारायला लावू नका. ऊब आधी सगळ्यांना द्या. मग बघा, माणसे कशी काम करतात ते. आणि आपसांत वाटून घेण्याची जी रीत लोकांनी आपली आपण बसवलेली असते, तिला कुलूप लावण्यापूर्वी ती कशासाठी होती हे एकदा विचारा.

तर, महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. रीतीप्रमाणे सगळ्या बायका बाहेर जमल्या. त्यांच्या अंगावर त्यांनीच शिवलेले कोट होते आणि तोंडातून वाफा निघत होत्या. डार्लीनही कामावर परतली होती. ती फ्लोरच्या शेजारी उभी होती आणि थंडीपासून बचाव म्हणून दोघींनी एकाच कोटाच्या खिशात एकेक हात घातला होता. एडने फोटोसाठी मोबाइल बाहेर काढला.

"चला हेल्गा, लवकर. बोटं गळून पडतील. कुणाचं नाव?"

हेल्गा माझ्यापाशी आली. तिने कुलपातली किल्ली काढली आणि एडच्या हातमोज्यात ठेवली.

"कुणाचंही नाही."

"म्हणजे? सगळ्यांनी काम वाईट केलं?"

"काम उत्तम केलं. म्हणूनच मी त्यांच्यातून एकीला निवडणार नाही. या महिन्यात नाही आणि पुढच्याही नाही. तुला नाव हवंच असेल, तर तू इथे उभा राहा आणि डार्लीनच्या तोंडावर सांग, की तिच्या नवऱ्याच्या उपचाराची वेळ आम्ही बक्षीस म्हणून दुसऱ्या कुणालातरी दिली."

डार्लीनची मान खाली गेली नव्हती. ती एडकडेच बघत होती. एडने आवारातल्या रांगेकडे पाहिले. माझे अकरा भाऊ बर्फात गुडघाभर रुतून उभे होते.

"पण हेल्गा, जमीन..." त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. त्याचे त्यालाच ते वाक्य ऐकू आले असावे. त्याने हातातल्या किल्लीकडे पाहिले. मग त्याने मोबाइल खिशात टाकला, घसा साफ केला आणि मागच्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला,

"खोदायचं नाही. तारा कुंपणावरून घ्यायच्या, सगळ्या बाराही खांबांना. वायरमनला आजच बोलवा."